आत्यानं कधीच न गायलेलं गाणं

आमच्या बुऱ्हाणपुरात एकूण तीन समीक्षक आहेत आणि ते तिन्ही एका फोटो स्टुडिओत मावतात. दर रविवारी सकाळी अकराला आम्ही तिथं बसतो आणि कोल्हापूरपासून कोरियापर्यंत कलेच्या दुनियेत त्या आठवड्यात जे काही घडलं असेल त्याचा निकाल साडेबारापर्यंत लावून टाकतो. साडेबारा यासाठी, की एक वाजता पासपोर्ट फोटोवाले येतात.

स्टुडिओवाल्यानं स्वतःचं चॅनल काढलंय, त्याच्यासाठी ही चर्चा. आमच्या पाठीमागे जो पडदा आहे तो खरा लग्नाच्या जोडप्यांसाठीचा: बर्फाचे डोंगर, निळं तळं, तळ्यात एक हंस. त्या हंसासमोर बसून आम्ही कलेच्या भवितव्याची इतकी काळजी केली आहे, की मधे एका रविवारी त्यानं मान पाण्यात घातली ती आम्ही उठेपर्यंत वर काढली नाही. हे मी स्वतः पाहिलंय.

तिघांपैकी मी शाळेत मराठी शिकवतो. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे साहेब म्हणतात. त्यांच्या मते संगीत, नाटक आणि सिनेमा या तिन्ही कला ते रिटायर झाले त्याच वर्षी संपल्या. तिसऱ्या मॅडम, कॉलेजात हिंदी शिकवतात, घरी मराठी बोलतात आणि बाहेर दोन्ही एका वाक्यात. मॅडमना एक वाईट खोड आहे. ज्या गोष्टीवर बोलायचं ती त्या आधी बघून येतात.

आमच्या धंद्यात ही फार अडचणीची सवय. स्टुडिओवाला शनिवारी मोबाइलवर सगळं पाठवतो. साहेब पहिलं मिनिट बघतात. मी जाहिरातीपर्यंत बघतो. एकदा तर एका अख्ख्या वेब सीरिजवर मी तिच्या पोस्टरच्या भरवशावर पाऊण तास बोललो, आणि नेपानगरहून एका गृहस्थांचा फोन आला की, शेवट तुम्हालाच बरोबर समजला.

आणि वाद अगदीच अंगावर आला तर आमच्याकडे एक रीत आहे. लहानपण काढायचं. समोरच्यानं कितीही बघितलेलं असो, वाचलेलं असो, आपण जरा वर बघून म्हणायचं, 'आमच्या लहानपणी...' की समोरचा गप्प. दुसऱ्याचं लहानपण तपासायला कोण जाणार? साहेबांनी या रीतीनं मला कितीदा पाडलंय, मी साहेबांना. मॅडम मात्र लहानपण काढत नसत. त्या म्हणत, 'माझं लहानपण खंडव्याला गेलं, वहाँ कुछ नहीं हुआ.'

त्या रविवारचा विषय होता, लोकगीत आणि रील. निमित्त बहादरपूरच्या एका सुनेचं. शेतकरी घरातली बाई, पस्तिशीची असेल. केळीच्या देठात मोबाइल खोचून, बागेत उभी राहून तिनं एक गाणं म्हटलं आणि ते सगळीकडे झालं. हळदीला तेच, शाळेच्या स्नेहसंमेलनात तेच. पॉवरलूमवरच्या एका कारागिरानं तर लूमच्या खडखडाटावर ते बसवून दाखवलं. पहिलं कडवं असं:

निसवली केळ, तिले नजर नका लावू
लेक माझी पोटुशी, तिले उन्हात नका धाडू

केळ निसवते म्हणजे तिच्या पोटातून घड बाहेर यायला लागतो, हे आमच्याकडे शहरातल्यालाही माहीत असतं. मी एवढ्या दोन ओळी ऐकल्या होत्या. त्याही रिक्षात.

मॅडमनी सुरुवात केली. 'मला हे गाणं फार महत्त्वाचं वाटतं. आजपर्यंत बायकांनी इतकी गाणी रचली, पण कुणी रचली हे कधी कुणी विचारलं का? सगळ्यांवर एकच शिक्का, पारंपरिक. ही बाई गाण्याखाली स्वतःचं नाव टाकते. शब्द माझे, असं लिहिते. यह नई बात है. रीलला आपण नावं ठेवतो, पण त्या रीलनंच तिला नाव टाकायला जागा दिली. और चौथं कडवं तो...'

'चौथ्याचं नंतर,' साहेब म्हणाले. 'मला आधी सांगा, तीस सेकंदांत कुठं कला होते का? तीस सेकंदांत आमचे तंबोरेसुद्धा लागत नसत.'

'तुमचे तंबोरे अजून लागतायत, साहेब.'

स्टुडिओवाला कॅमेऱ्यामागे हसला. साहेब लाल झाले. मग मॅडम माझ्याकडे वळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, 'सर, तुमचं काय मत? तुम्ही तर पूर्ण ऐकलं असेल.'

पूर्ण या शब्दावर त्यांनी जरा जास्तच वजन टाकलं. कॅमेरा माझ्यावर आला. मागे हंस. मी सरळ म्हणू शकलो असतो की मॅडम, दोनच ओळी ऐकल्यात, तुम्ही सांगा पुढचं. चार शब्दांचं काम होतं. पण सलग तीन रविवार मॅडम मला कॅमेऱ्यासमोर पाडत होत्या, आणि आता शाळेतली पोरंही चर्चा बघायला लागली होती.

मी वर बघितलं. 'पूर्ण म्हणजे किती पूर्ण, मॅडम? हे गाणं मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलंय.'

एकदा तोंड उघडलं की माझ्या हातात काही राहत नाही. बोलता बोलता मी इच्छापूरला गेलो. तिथं माझी थोरली आत्या दिलेली होती, ती आता नाही. तिला मी विहिरीच्या काठावर बसवली. श्रावण लावला. कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशीची लगबग लावली. आत्याच्या हातात हिरव्या बांगड्या घातल्या, त्यातली एक पिचलेली, त्यामुळे ती हात हलवायची तेव्हा बाकीच्या किणकिणत आणि एक नुसतीच खट वाजे, आणि त्या खट वर गाण्याची सम येई. 'तोच आवाज,' मी म्हणालो, 'त्या बाईच्या रीलमध्ये बांगड्या नाहीत, म्हणून मला ते गाणं ओकंबोकं वाटलं.'

साहेबांनी चष्मा पुसला. माझ्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. मॅडम म्हणाल्या, 'मुझे नहीं पता था.'

मी जिंकलो होतो.

आता माझ्या आत्याबद्दल. ही बाई जन्मात कधी गुणगुणलीसुद्धा नाही. आरतीला ती फक्त टाळ्या वाजवी, त्याही हलक्या. रेडिओ लावला तर 'बंद करा ते भुंकणं' म्हणे. इच्छादेवीच्या जत्रेत भोंगे लागले की कानात कापूस कोंबून कोठीत जाऊन बसे आणि जत्रा उठल्यावरच बाहेर येई. तिला मी गाणारी केली.

स्टुडिओवाल्यानं माझ्या त्या भागाचं रील कापलं, खाली बासरी लावली. 'सर, पब्लिक रो पडी,' तो म्हणाला. रील या प्रकाराला मी वर्षभर जितकी नावं ठेवली होती, त्या सगळ्यांसकट मी त्यातून गावोगाव फिरलो. आणि मग इच्छापूरहून आतेभावाचा फोन आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आई गेली तेव्हा पोरगाच होता.

'दादा,' तो म्हणाला, 'आई गायची हे मी विसरूनच गेलो होतो रे. तुझं ऐकलं आन् एकदम कानात आवाज आला तिचा. ती बांगडी बी आठवली.'

'हो रे,' म्हणालो. पहिलं खोटं चुरशीत गेलं होतं. हे दुसरं मी शांतपणे, खुर्चीवर बसून, विचार करून बोललो.

त्यानंतर ज्याला त्याला ते गाणं आठवायला लागलं. इच्छापूरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आमच्याकडचंच ते. कुणाची आजी निघाली, कुणाची मावशी, एकाची तर आजोबांची दुसरी बायको. पंधरा दिवसांत तापीच्या दोन्ही काठांवर असं गाव उरलं नाही जिथं ते गाणं पन्नास वर्षांपूर्वी गायलं जात नव्हतं. आणि बहादरपूरच्या त्या बाईच्या गाण्याखाली लोक लिहू लागले, आजीबाईंचं गाणं उचललं, वर स्वतःचं नाव टाकलं, लाज कशी नाही. एका सकाळी मी शाळेत जाण्याआधी मोबाइल बघितला, तर 'शब्द माझे' ही ओळ गेली होती. त्या जागी तिनं लिहिलं होतं, पारंपरिक.

त्याच आठवड्यात मॅडमचा फोन. 'सर, जिल्ह्याच्या गायन मेळाव्यात मी तिचं नाव दिलं होतं, स्वरचित गीतांमध्ये. एकटी गाणार होती. आता त्यांनी तिला पारंपरिकमध्ये टाकलंय, महिला मंडळाच्या कोरसमध्ये. तुमच्या आत्यामुळे.' मग म्हणाल्या, 'तुमची काही चूक नाही म्हणा. जो सच है, वो सच है.'

त्या 'सच है'नं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्यासारख्या माणसाला दोन दिवस जेवण न जाणं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीतल्या जिलेबीवाल्याला विचारा. त्यानं घरी माणूस पाठवला होता. शेवटी तिसऱ्या दिवशी मी ते गाणं पहिल्यांदा सबंध ऐकलं. स्वयंपाकघरात, बायको भाजी निवडत होती. चौथं कडवं आलं:

काळ्या नळीचं पाणी थेंब थेंब गळे
सासरी मोजून माया, जीव आत जळे

बायकोचे हात थांबले. तिचं माहेर रावेरकडचं, केळीतलं. ती म्हणाली, 'अहो, तुमच्या आत्याच्या वेळी ठिबकच्या नळ्या होत्या?'

मी मोबाइल बंद केला.

'माझ्या बाबांनी नळ्या टाकल्या तेव्हा मी दहावीत होते. गावात सगळ्यात आधी आमच्याकडे. लोक बघायला यायचे. त्याच्या आधी पाटानं पाणी.' तिनं माझ्याकडे बघितलं. 'आणि तुमची आत्या गात होती कधी? माझ्या मंगळागौरीला गाणी सुरू झाली तशी उठून गेली होती ती.'

'म्हणजे माझं रील आलं तेव्हाच तुला कळलं होतं?'

'मला काय, तुमचं रोजचंच आहे. मला वाटलं, त्या बाईला विचारून बोलला असाल.'

शेतात राहणारं कुणीही पोर ते कडवं ऐकून सांगू शकलं असतं की गाणं नवं आहे. आम्हा तीन समीक्षकांपैकी ज्या एकटीनं ते ऐकलं होतं तिला साहेबांनी बोलू दिलं नाही, आणि नंतर मी.

पुढच्या रविवारी मी ठरवून गेलो की सगळं सांगायचं. पाणी पिऊन घेतलं. कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: 'मागे चर्चेत आलेल्या त्या गाण्याबद्दल मला एक नवं निरीक्षण मांडायचं आहे. चौथ्या कडव्यात ठिबक सिंचनाचा उल्लेख येतो. तो आपल्याला काळाबद्दल विचार करायला लावतो.' म्हणजे कबुलीसुद्धा मी समीक्षेसारखी दिली. मला वाटलं, एवढं म्हटलं की लोक आपोआप समजतील, आणि मला 'मी खोटं बोललो' हे तीन शब्द म्हणावे लागणार नाहीत.

साहेब ताबडतोब समजले. 'म्हणजे जुन्या गाण्यात हिनं भेसळ केली,' ते म्हणाले. 'नळ्या घुसवल्या. हेच मी म्हणतो, आजचा ट्रेंड. परंपरा घ्यायची आणि तिची मोडतोड करायची.'

'नाही साहेब, तसं नाही...'

'तुम्ही भावनेच्या भरात आहात, सर. तुमच्या आत्याचं गाणं आहे. आम्ही समजू शकतो.'

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काहीतरी आलं असावं, पण पासपोर्टवाले आले होते.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढून बहादरपूरला गेलो. घर शोधावं लागलं नाही. ज्याला विचारलं त्यानं 'आजीच्या गाण्यावाली ना?' म्हणून बोट दाखवलं. बाई ओट्यावर खतांची रिकामी पोती झटकत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, पाया पडली, आत सासूला हाक मारली, 'आई, ते सर आले, इच्छापूरवाले.' सासूनं आतूनच चहा ठेवला.

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, 'ताई, मी खोटं बोललो. माझी आत्या गात नव्हती. ते गाणं तुमचं आहे.'

ती हसली. 'सर, तुम्ही मोठ्या मनाचे. मले बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आले.'

'तसं नाही हो. खरंच खोटं बोललो.'

'कोणी खोटं बोलंल त फुटक्या बांगडीचं काहून सांगंल?' ती म्हणाली. 'मी आधी रडली. मले वाटे, मीच जोडलं ते, पाणी सोडताना एकेक ओळ. मग तुमचं ऐकलं न् समजलं. माही माय इच्छापूरकडचीच. गात असंल ती. लहानपणी कानावर पडलं असंल न् मले वाटलं, माहं आहे.'

मी तिला चौथ्या कडव्याचं सांगितलं. नळीचं. पाटाचं पाणी, माझ्या सासऱ्यांची बाग, सगळं. जितकं खरं सांगत गेलो तितकं माझंच मला पुस्तकी वाटायला लागलं. खोटं सांगताना माझ्याकडे विहीर होती, श्रावण होता.

'ते कडवं त मी काढून टाकलं, सर,' ती म्हणाली. 'साहेब म्हणले ना, भेसळ आहे. मेळाव्यात तीनच म्हणतो आम्ही.'

आतून सासूचा आवाज आला, 'काढलं ते बरंच झालं व. मोजून माया म्हणे.'

बाईनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर पोत्यांकडे वळवली. चहा आला. तो मी प्यायलो. आयुष्यात इतका गोड आणि इतका गिळायला कठीण चहा मी प्यायलेलो नाही, आणि ही अतिशयोक्ती नाही.

मेळावा दुपारी होता, सभागृह पंख्यांसकट भरलेलं. महिला मंडळ हिरव्या साड्यांत उभं राहिलं, ती दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी. गाणं झालं. तीन कडवी. चौथं जिथं यायचं तिथं पेटीवाल्यानं एक वळण घेतलं आणि संपवलं. मग निवेदकानं माझं नाव घेतलं. या लुप्त गीताचं स्मरण जपल्याबद्दल शाल आणि श्रीफळ.

मला खाली बघत बाहेर निघून जाता आलं असतं. मी वर गेलो. शाल अंगावर पडली. नारळ हातात आला. मी माइक मागितला.

'हे गाणं लुप्त नाही,' मी म्हणालो. 'माझी आत्या कधी गात नव्हती. मी स्टुडिओत खोटं बोललो. हे गाणं दुसऱ्या ओळीतल्या या ताईंनी रचलंय, चार कडवी. चौथं सगळ्यात चांगलं आहे, ते माझ्यामुळे गेलं.'

मग साहेब पहिल्या रांगेतून मोठ्यांदा हसले, म्हणाले, 'घ्या, सर सुरू झाले,' आणि सभागृह हसायला लागलं. बुऱ्हाणपुरात मला सगळे ओळखतात. मी एकदा याच व्यासपीठावरून सांगितलं होतं की माझ्या वर्गात एका पोरानं निबंध इतका लांब लिहिला की त्याला मिशी फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवेदक म्हणाला, 'सरांचा विनय बघा.' चौथ्या रांगेत आतेभाऊ होता, खास इच्छापूरहून आलेला. तो हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघू शकलो नाही. आणखी एक जण हसत नव्हती, दुसऱ्या ओळीतली, डावीकडून तिसरी.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या दारानं निघालो, तर ती पायऱ्यांवर उभी. बाकीच्या बायका रिक्षात बसत होत्या, तिला हाका मारत होत्या.

'सर, खरंच?'

'खरंच.'

या वेळी मी आणखी काही बोललो नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल.

'मग तव्हा काहून बोलले?'

मी खूप कारणं तयार ठेवली होती, माझ्याकडे कारणांची कमी कधीच नसते. पण सगळी त्या बांगड्यांसारखीच रचलेली होती. मी म्हणालो, 'चर्चेत मॅडमसमोर हरत होतो.'

'मॅडम, ज्यांनी माहं नाव दिलं होतं?'

'हो.'

'एवढ्यासाठी?'

'हो.'

तिनं मान हलवली, रागानं नाही, जणू हिशेबात काही बसत नसावं तशी. रिक्षातून परत हाक आली. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, मागे न बघता म्हणाली, 'मी मायले विचारलं होतं, सर. ती म्हणे, असं गाणं मले नाही माहीत. मी मायलेच म्हणली, तू विसरली.'

मग ती रिक्षात बसली, बायकांनी तिला जागा दिली, आणि रिक्षा बहादरपूरच्या रस्त्याला लागली.